दयेच्या आधीचे दान

उरणच्या खाडीकाठावर भरतीचे पाणी चढू लागले की ठाण्याच्या खाडीत आणि न्हावा-शेव्याच्या चिखलपट्ट्यांवर चरणाऱ्या पक्ष्यांना उभे राहण्यापुरतीही जागा उरत नाही. मग ते थव्याथव्याने उठतात आणि पाणजे, भेंडखळ यांसारख्या गावांलगतच्या खाजणांत, मिठागरांच्या उथळ पाण्यात येऊन विसावतात. काही तासांनी ओहोटी लागली की पुन्हा चिखलावर जातात. रोहित, तुतारी, कुरव अशी त्यांची कितीतरी कुळे. त्यांपैकी अनेक जण मध्य आशिया आणि सायबेरिया येथून हजारो किलोमीटरचा प्रवास करून हिवाळ्यापुरते येथे येतात. ही ये-जा कोळी आणि आगरी समाजातील जुन्या माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर आहे. परंतु किती पक्षी आले, कोठून आले, कोणत्या खाजणात किती वेळ बसले आणि मागील वर्षापेक्षा किती कमी झाले, हे सांगायचे असेल तर नुसते पाहणे पुरत नाही. वर्षानुवर्षे मोजावे लागते. मोजणाऱ्याला दुर्बीण लागते, होडी लागते, पगार लागतो. हा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न मुंबईच्या परिसरात शंभराहून अधिक वर्षे विचारला जात आहे.

जैन समाजाला हा प्रश्न परका वाटू नये. दान मागण्याची आणि देण्याची इतकी बारकाईने बांधलेली व्यवस्था फार थोड्या समाजांत आढळते. पर्युषणात बोली लागते, चढावे होतात, आणि मोठी रक्कम सर्वांदेखत, आनंदाने बोलली जाते. श्वेतांबर संघांच्या पेढ्यांत देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, जीवदया आणि साधारण अशी खाती वेगळी असतात. वरच्या क्षेत्राचा पैसा खालच्या क्षेत्राकडे वळवायचा नाही, हा दंडक लहानसहान गावचा विश्वस्तही जाणतो. दात्याने ज्या हेतूने दिले त्याच हेतूसाठी ते खर्च झाले पाहिजे, हा आजच्या धर्मादाय संस्थांचा नियम या समाजाने फार पूर्वीपासून पाळलेला आहे. आणि या व्यवस्थेचे एक दुखणेही विश्वस्तांना ठाऊक असते: देवद्रव्य ओसंडून वाहते, जीवदयेची पेटी भरते, पण साधारण खाते कायम तुटीत असते. पुजाऱ्याचा पगार, दिवाबत्ती, हिशेबनीस यांच्यासाठी चढावा बोलणारा सहसा मिळत नाही.

संशोधनसंस्थांचे सारे जीवन या साधारण खात्यातच जाते. जखमी पक्ष्याला वाचवण्यासाठी कोणीही पैसे देतो, कारण त्याची वेदना समोर दिसते. तो पक्षी कोणत्या जातीचा, तिची संख्या का घटते, याचा शोध घेणाऱ्याचे काम मात्र नजरेस पडत नाही. तरीही दशवैकालिक सूत्रात क्रम लावताना ज्ञान आधी आणि दया नंतर असाच लावलेला आहे. जीव कोणता आणि अजीव कोणता हेच ज्याला कळत नाही, तो संयम पाळणार कसा, असा तेथील विचार आहे. दया करायची तर जाणले पाहिजे, आणि जाणण्यासाठीही कोणीतरी दान दिले पाहिजे.

१८८३ च्या सप्टेंबरात मुंबईत आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांपैकी दोघे मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. संस्थेला स्वतःची इमारत नव्हती. आरंभीची अनेक वर्षे ती फिप्सन या मद्यविक्रेत्याच्या पेढीच्या जागेत नांदली. १९११ मध्ये मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. सरकारी मदतीबरोबरच सभासद, संस्थानिक आणि व्यापारी पेढ्या यांच्यापुढे त्यांनी हात पसरला. महायुद्ध होऊन गेले, तरी ते सर्वेक्षण १९२३ पर्यंत चालू राहिले. दात्याच्या दृष्टीने पाहिले तर ही अवघड मागणी होती. दान देऊन त्याच्या नावाची धर्मशाळा उभी राहणार नव्हती, अन्नछत्र चालणार नव्हते. काही वर्षांनी नोंदी छापल्या जाणार होत्या, एवढेच.

याच मिलार्ड यांच्याकडे साधारण १९०८ च्या सुमारास एक शाळकरी मुलगा पिवळ्या गळ्याची एक मेलेली चिमणी घेऊन आला होता. ती कोणती, हे त्याला जाणून घ्यायचे होते. मिलार्ड यांनी त्याला संग्रहातील पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. पुढे १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून त्यांना नोकरी मिळाली. तेथून रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकले. १९३० मध्ये परतले तेव्हा निधीअभावी ती जागाच रद्द झालेली होती. संस्थेच्या साधारण खात्यातील तूट शेवटी कोणाच्या तरी घरातील चूल विझवते, याचा हा अनुभव होता.

नोकरी गेल्यावर सलीम अली आणि त्यांच्या पत्नी तेहमिना मुंबई सोडून किहीमला राहू लागले. उरणच्या करंजा बंदरातून समोर पाहिले तर खाडीपलीकडे रेवस दिसते. तेथून किहीम फार दूर नाही. या किनाऱ्यावर त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला. नर घरटे अर्धे विणतो आणि थांबतो. मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर स्वीकारते, आणि मगच नर ते पुरे करतो; नंतर तो दुसरे घरटे विणू लागतो. हे निरीक्षण पुढे जगभर गाजले. त्यासाठी कोणतेही अनुदान नव्हते. होता तो वेळ, एका संशोधकाची चिकाटी आणि घर चालवणाऱ्या पत्नीचा आधार.

यानंतर त्यांनी जो मार्ग काढला, तो मोठे दान मागणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर अशा संस्थानांतील पक्ष्यांची व्यवस्थित पाहणी झालेली नव्हती. सलीम अलींनी प्रस्ताव मांडला: संस्थानाने तळाचा, प्रवासाचा आणि मदतनिसांचा खर्च सोसावा, ते स्वतः वेतन घेणार नाहीत, निष्कर्ष सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध होतील. या तीन कलमांत दानशास्त्राचे मर्म आहे. रक्कम नेमकी, काम नेमके, आणि फळ सर्वांच्या मालकीचे. राजाला आपल्या राज्यातील पक्ष्यांची पहिली यादी मिळत होती, पण त्या यादीत कोणता पक्षी असावा आणि कोणता नसावा हे ठरवण्याचा अधिकार मिळत नव्हता. मागणाऱ्याने स्वतःसाठी काहीच मागितले नव्हते, म्हणून त्याला ताठ मानेने मागता आले.

जैन साधूच्या गोचरीतही हीच दोन तत्त्वे आहेत. साधू कोणा एका घरावर भार टाकत नाही आणि आपल्यासाठी मुद्दाम रांधलेले घेत नाही. भिक्षा घेतली म्हणून तो गृहस्थाचा मिंधा होत नाही. घेणाऱ्याची निरपेक्षता हीच त्याच्या स्वातंत्र्याची हमी असते. फरक इतकाच की, संशोधनाची झोळी मूठमूठ धान्याने भरत नाही. पंचवीस वर्षे चालणारे काम एखाद्या मोठ्या दात्याने उचलून धरावे लागते, आणि तेथेच मिंधेपणाचा धोका सुरू होतो.

या इतिहासात जैन वाचकाला बोचेल अशी एक गोष्ट आहे. ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. त्या काळचे पक्षिशास्त्र बंदुकीच्या आधाराने चाले. पक्षी ओळखायचा तर तो मारून, सोलून, संग्रहात ठेवावा लागे. सलीम अलींचाही आरंभ छऱ्याच्या बंदुकीने झाला. अशा कामाला अहिंसेचे व्रत घेतलेल्या श्रावकाने हात आखडता घेतला असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. पण त्याच सोसायटीने १९२६-२७ च्या सुमारास धारच्या महाराजांच्या साहाय्याने दुसरी पद्धत सुरू केली: पक्षी जाळ्यात धरायचा, पायात धातूचे हलके कडे घालायचे आणि सोडून द्यायचा. कड्यावर क्रमांक असे, आणि ज्याला तो पक्षी सापडेल त्याने मुंबईच्या सोसायटीला कळवावे अशी सूचना कोरलेली असे. स्वातंत्र्यानंतर हे काम फार मोठ्या प्रमाणावर झाले. मारून मिळणारे ज्ञान आणि सोडून देऊन मिळणारे ज्ञान यांत निवड करता येते. दात्याने पद्धतीविषयी प्रश्न विचारणे हा संशोधनातील हस्तक्षेप नव्हे, तो त्याचा धर्म आहे. निष्कर्ष काय निघावा हे सांगणे, हा मात्र हस्तक्षेप होय.

पैसा कोठून येतो, या प्रश्नाची किंमतही सोसायटीने मोजली. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील क्यासनूर जंगलात माकडतापाची साथ आली. त्याचा विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता असल्याने, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून तो आला असावा अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने पक्ष्यांना कडी घालण्याच्या कामाला मदत केली. पुढे अमेरिकी सैन्याच्या एका रोगसर्वेक्षण कार्यक्रमाचा पैसाही आला. सत्तरच्या दशकात त्यावरून वृत्तपत्रांत आणि संसदेत संशयाचे वादळ उठले. काम पक्षिशास्त्राचेच होते आणि त्यातून देशाला मोलाची माहिती मिळाली. तरी देणाऱ्याचा हेतू कोणता, हे विचारण्याचा लोकांचा हक्क नाकारता येत नव्हता. शुद्ध आहारासाठी तो कोठून आला हे पाहणाऱ्या समाजाला, शुद्ध दानासाठी द्रव्य कोठून आले हे पाहण्याची गरज वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

सलीम अलींनी संस्थेसाठी सर्वत्र मागितले. स्वातंत्र्यानंतर सोसायटी आर्थिक संकटात सापडली तेव्हा त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले आणि सरकारी साहाय्य मिळवले. सिंगापूरचे चित्रपट-व्यावसायिक लोक वान थो हे त्यांचे मित्र. ते नुसते धनादेश पाठवणारे दाते नव्हते. कॅमेरा घेऊन मोहिमांत सोबत हिंडत, पक्ष्यांची छायाचित्रे काढीत, आणि मोहिमांचा खर्चही उचलीत. १९६४ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. मोठा दाता कामाच्या जागी आणावा, चिखलात उभा करावा, म्हणजे तो दाता राहत नाही, सोबती होतो. सुगरणीची मादीही अर्धे विणलेले घरटे तपासूनच पसंती देते. संस्थेने आपले अर्धे झालेले काम, उणिवांसह, दात्यापुढे मांडले पाहिजे. आणि जेव्हा सलीम अलींना स्वतःला जे. पॉल गेटी वन्यजीव संरक्षण पारितोषिकाची मोठी रक्कम मिळाली, तेव्हा त्यांनी ती निसर्गसंवर्धनाच्या निधीत घातली. दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याने आधी स्वतः दिले होते.

देणाऱ्याच्या बाजूने असाच आदर्श सोलापूरने घालून दिला आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४० मध्ये आपली संपत्ती धर्मकार्याला वाहण्याचे मनात आणले. तसे केल्यावर त्यांनी लगेच एखादे शिखर बांधले नाही. ते देशभर फिरले, आणि कोणत्या कामाची खरी गरज आहे याविषयी जैन विद्वानांची मते त्यांनी तोंडी व लेखी गोळा केली. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथ क्षेत्री विद्वानांची परिषद भरवली. तिच्यातून जैन संस्कृती संरक्षक संघ जन्माला आला आणि त्यांनी ३० हजार रुपये जाहीर केले. १९४४ मध्ये सुमारे २ लाखांची आपली सारी संपत्ती त्यांनी संघाच्या स्वाधीन केली. जीवराज जैन ग्रंथमालेतील ‘तिलोयपण्णत्ति’पासूनचे ग्रंथ आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्यासारख्या पंडितांनी संपादित केले, ते या दानावर. पैसा आहे, आता काय करू, असे विद्वानांना विचारत फिरणारा दाता कोणत्याही संस्थेला भाग्यानेच भेटतो.

शास्त्रदानाची ही परंपरा ग्रंथांपाशी थांबावी का? गिधाडांची कहाणी या प्रश्नाचे उत्तर देते. नव्वदच्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. प्रथम भरतपूरच्या केवलादेव उद्यानात सोसायटीच्या संशोधकांना ही घट दिसली, कारण तेथे त्यांची आधीची मोजणी उपलब्ध होती. पुढील शोधात कारण सापडले: गुरांना वेदनाशामक म्हणून देण्यात येणारे डायक्लोफिनॅक. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. अभ्यासकांनी मेलोक्झिकॅम हे सुरक्षित पर्यायी औषध दाखवून दिले आणि २००६ मध्ये भारत सरकारने डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापराला आळा घातला. म्हाताऱ्या, आजारी गाईचे दुखणे हलके करणारा हात दयेचाच होता. पण त्या दयेला औषधाचा पुढचा प्रवास ठाऊक नव्हता. मुंबईचे पांजरापोळ १८३४ मध्ये शेठ मोतीशा आणि जमशेटजी जिजीभाई यांच्या पुढाकाराने उभे राहिले, आणि तेव्हापासून गुरांच्या सेवेत जैन समाजाने अपार द्रव्य घातले आहे. पाकिस्तानातील ज्या पाहणीतून हे कारण प्रथम उघड झाले, तिला अमेरिकेच्या पेरेग्रीन फंडाचे पाठबळ होते. भारतातील गिधाडांच्या कामाला ब्रिटिश सरकारच्या डार्विन निधीने आणि तेथील पक्षिसंरक्षण संस्थेने हात दिला. जीवदयेच्या पेटीतून त्या शोधाला काही मिळाले असते, तर ते जीवदयेचेच काम झाले असते.

उरणमध्ये आज हाच प्रश्न उभा आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून येणारा सागरी सेतू खुला झाला आणि उरणपर्यंत लोकल पोहोचली. गोदामे, रस्ते, घरे यांसाठी जमीन हवी आहे, आणि भरतीच्या वेळी पक्ष्यांना बसण्यालाही तीच जमीन हवी आहे. २०२२ मध्ये सोसायटीने काही रोहित पक्ष्यांना उपग्रहाद्वारे माग देणारी यंत्रे बसवली, तेव्हा ते ठाणे खाडी आणि गुजरात यांदरम्यान ये-जा करताना दिसले. ज्या पक्ष्याला भुकेच्या वेळी खाडी लागते, त्याला विसाव्याच्या वेळी खाजण लागते. एक राखून दुसरे भरून टाकले तर राखलेलेही वाया जाते. कोणते खाजण अत्यावश्यक आहे, हे भावनेने ठरत नाही. न्यायालयात किंवा सरकारी समितीपुढे नोंदवह्या बोलतात.

अशा नोंदींना पैसा पुष्कळदा ज्यांच्या प्रकल्पामुळे पाहणी करावी लागते त्यांच्याकडूनच येतो. कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातील दोन टक्के सामाजिक कामावर खर्चण्यास सांगितले आहे, त्याचाही काही भाग येतो. ही मदत नाकारण्यासारखी नाही. पण ती बहुधा एका प्रकल्पाला आणि मोजक्या वर्षांना बांधलेली असते. प्रकल्प संपला की मोजणी थांबते, आणि पक्षी घटले की नाही हे विचारण्याची वेळ नेमकी तेव्हाच येते. म्हणून या किनाऱ्याला गरज आहे ती अशा दात्यांची, ज्यांचा खाजण भरण्यात लाभ नाही आणि राखण्यातही नाही. जे वीस वर्षांसाठी देतील, हिशेब काटेकोर मागतील आणि निष्कर्ष मात्र मागणार नाहीत.

असे दान मागणाऱ्याचे काम कठीण आहे. त्याला दात्याला सांगावे लागते की, या पैशांतून एकही पक्षी हातात घेऊन दाखवता येणार नाही. कदाचित दहा वर्षांनी एक तक्ता मिळेल, आणि तो तक्ता मनाविरुद्धही असेल. हिवाळ्यात मुंबईच्या लाँचमधून कुरवांना गाठी-शेव टाकणाऱ्या भाविकाला त्याच क्षणी पुण्य लाभल्यासारखे वाटते. तळलेला, खारट घास त्या पाखराच्या पोटाला मानवणारा नाही, हे सांगणारा त्याला रुक्ष वाटतो. परंतु अभयदानाचा अर्थ खाऊ घालणे एवढाच नाही. त्या जीवाला त्याच्या रीतीने जगता यावे, यासाठी त्याची रीत समजून घेणे हेही अभयदानात मोडते.

पुढील पर्युषणात एखाद्या संघाने ज्ञान आणि जीवदया या दोन्ही खात्यांच्या मर्यादा सांभाळून, श्रावकांच्या नव्या आणि स्वतंत्र दानातून, एका संशोधकाचे दहा वर्षांचे वेतन बोलीवर ठेवले, तर त्यात परंपरेचा कोणताही भंग होणार नाही. त्या बोलीने ना कळस चढेल, ना आरती उतरेल. दरवर्षी उरणच्या एखाद्या खाजणातील पक्ष्यांचा खरा आकडा संघाच्या फलकावर लागेल; वाढला तर वाढलेला, घटला तर घटलेला. तो आकडा वाचून पुढे काय करायचे हे दयेने ठरवावे. तिला डोळे देण्याचे काम दानाने आधीच केलेले असेल.